वहीत नसलेलं वाक्य

आखातात, अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं आम्ही नवरा-बायको कामापुरतंच बोलत होतो. गॅस संपलाय, एसीवाला येऊन गेला, युनिफॉर्म तोकडा झालाय. भांडण नव्हतं. भांडायला लागतो तेवढा जीवही कशात उरला नव्हता. मार्चमध्ये मुलीची परीक्षा झाली की तिला घेऊन कायमचं पुण्याला जायचं, हे मी ठरवलं होतं. त्यांना सांगणं तेवढं राहून जात होतं.

त्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमासाठी मी एका स्वीडिश नाटककाराची एकांकिका मराठीत करायला घेतली. शंभर वर्षांपूर्वी वारलेला माणूस. तीन लग्नं, तिन्ही मोडलेली, आणि लिखाणात बायकांवर एवढा राग की मला हसू यायचं. लग्नाचा एवढा वीट आला होता, तर तीनदा बोहल्यावर चढायला कुणी सांगितलं होतं? पण त्याची माणसं भांडताना समोरच्याला नीट ओळखून असतात. त्याचा मात्र मला हेवा वाटला.

अडलं ते एका शब्दापाशी. इंग्रजी प्रतीत सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत बायको 'अहो' म्हणत भांडली तर ते भांडण वाटेना. म्हणून मी तिला 'तू' म्हणायला लावलं.

नाटकात नवऱ्याचं काम करणारे गृहस्थ नोकरी सुटून भारतात परतले, तेव्हा आमचे हे म्हणाले, "कुणी नसेल तर मी वाचतो." बायकोचं काम माझ्याकडेच होतं. शुक्रवारी सकाळी सोफा सरकवून तालीम चालायची. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर मी त्यांना पहिल्यांदा 'तू' म्हणत होते. ते वाचायचेही छान. मला काहीच वाटत नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी मी वहीत न बघता म्हणाले, "अहो, मार्चमध्ये मी मुलीला घेऊन पुण्याला जातेय. परत येणार नाही."

त्यांनी पानावर बोट फिरवलं. पान उलटलं, पुन्हा मागे आले.

"हे कुठंय?"

"वहीत नाहीये."

त्यांनी वही मिटली.

"तिला माहीत आहे?"

"दिवाळीपासून."

"हल्ली ती इंग्लिश सोडून माझ्याशी मराठीत बोलते," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्यासाठी."

पुण्याच्या शाळेत अडायला नको म्हणून मीच तिला ती सवय लावत होते. 'तुमच्यासाठीच' असं खोटं म्हणता आलं असतं. तेवढंही मी म्हणाले नाही.