एकही खाडा नाही

पहाटे तीनला गोटीराम उठायचा. कोपरखैरण्याहून तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात पोचेपर्यंत गाड्या लागलेल्या असत. गोण घ्यायची तर आधी गुडघ्यात वाकायचं, मग कमरेत. घाईत उलटं केलं की पाठ धरते. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याची धरली, ती सुटलीच नाही.

निवृत्तीनंतर तो वस्तीतल्या हॉलमध्ये व्यायामाच्या वर्गाला जाऊ लागला. वर्ग फुकट होता. हमालांच्या पाठदुखीवर असा वर्ग खर्चाच्या मानानं किती उपयोगी पडतो, याची पाहणी चार देशांत चालली होती. इथलं काम ज्ञानेश्वरीताईंकडे होतं.

"काका, शेवटच्या वर्षात पाठीपायी किती खाडे पडले?"

"एक बी न्हाय!" गोटीराम छाती काढून म्हणाला. वर्गातल्या बाकीच्या हमालांनीही तेच सांगितलं.

महिन्याभरानं ताई चेहरा पाडून आल्या. "बाकीच्या देशांत लोक घरी बसले, त्यांची मजुरी बुडाली. इथं कुणाचं काहीच बुडालं नाही. दुखण्यानं तोटाच नाही, तर वर्गावर खर्च कशाला, असं पाहणीवाले विचारतायत. बंद करतील हो."

घरी जाताना गोटीरामला बाजारातली आपली हमालांची टोळी आठवत राहिली. थंडीतल्या नाशिकच्या गाड्या, ओल्या गोणपाटाचा वास, धनाजी मुकादमाची हाळी. "म्हाताऱ्या, काट्यापाशी बस तू! तुझ्या गोण्या आमी बघतो." टोळीतली माणसं त्याच्या वाटणीचं ओझं वाहायची आणि वर टोमणे मारायची, "टोळीनं सासरा पोसायला आणलाय!" मजुरीची वाटणी मात्र सारखीच. टोळीत दुखणाईताचा खाडा कुणी धरत नसे.

दुसऱ्या दिवशी तो धनाजीलाच घेऊन हॉलवर गेला.

"ताई, मी नुसता बसून होतो. ओझं ह्यांनी वाहिलं."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"टोळीतलं भाईर सांगत न्हाईत," धनाजी म्हणाला. "आता ह्याच्या गोण्या वाहून माझी बी कंबर गेली, ती कुठं लिवणार?"

ताईंना हसू आलं. त्यांनी सगळ्यांना पुन्हा बसवून विचारलं, पण या वेळी कुणाचं ओझं कुणी वाहिलं, ते.

चारही देशांतल्या पाहणीचा निकाल लागायला अवकाश होता आणि हॉलचं भाडं महिनाअखेरपर्यंतच भरलेलं होतं. गावच्या घरावर स्लॅब टाकायला म्हणून गोटीरामनं फंडाचे पैसे राखून ठेवले होते. त्यातून त्यानं हॉलचं पुढच्या वर्षाचं भाडं भरलं.