अण्णांना वाचता येईल असा डेस्कटॉप

घरात एक शहाणा माणूस असला की जुनी वस्तू सुखाने भंगारात जात नाही. आमच्या घरातला शहाणा मी. नाशिकच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेत सहायक आहे, म्हणजे पोरांचा माऊस चालेनासा झाला की वायर काढून पुन्हा लावतो. एवढ्या अधिकारावर मी जाहीर केलं की आपला दहा वर्षांचा कॉम्प्युटर फेकायचा नाही. त्यावर लिनक्स ही जुन्या यंत्रालाही झेपणारी फुकटची प्रणाली टाकायची आणि अण्णांना पेपर वाचता येईल असं करून द्यायचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी खात्यात त्यांची सारी नोकरी झाली. पत्र्यावरचा केसाएवढा चरा ज्यांना लांबून दिसायचा, त्यांच्याच डोळ्यांना म्हातारपणी आजार झाला आणि पेपरातली अक्षरं पुसट होत गेली. तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवत होतो. मी फार छान वाचतो अशी माझी समजूत होती. अण्णा आईला एकदाच म्हणाले, "दुसऱ्याच्या तोंडचं किती दिवस ऐकायचं? मला माझं वाचायचंय." त्यांचं मागणं एवढंच होतं.

एका रविवारी नाश्ता उरकून मी बसलो. लिनक्सचे प्रकार पुष्कळ. मी त्यातला सगळ्यात लहान उतरवला, कारण लहान ते चपळ, असं माझं शास्त्र. इन्स्टॉल झालं, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि स्क्रीन काळीकुट्ट. तिच्यावर खडूने लिहावीत तशी मोठी, जाड, पांढरी इंग्रजी अक्षरं आणि पुढे लुकलुकणारी एक रेघ. चित्र नाही, बटण नाही, माऊसचा बाणही नाही. लहान प्रकारात डेस्कटॉप, म्हणजे चित्रं-बटणांचा दर्शनी भागच नसतो, तो मागाहून बसवावा लागतो, हे तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. ज्याला बारीक अक्षरं दिसतात तो ती वाचत नाही.

अण्णा मागे खुर्चीवर येऊन बसले होते. "एल, ओ, जी..." त्यांनी सावकाश अक्षरं लावली. "लॉगिन. म्हंजे काय?"

"काही नाही अण्णा, अजून अर्धवट आहे," म्हणत मी घाईघाईने मॉनिटर बंद केला. संगणकाच्या माणसाच्या घरी काळी स्क्रीन दिसावी, याची मला लाज वाटली.

पुढचे दोन आठवडे मी डेस्कटॉप बघत होतो, लोक स्थळं बघतात तसे. एक देखणा होता, पण त्याच्या ओझ्याने कॉम्प्युटरला धाप लागली. दुसरा साधा, पण चारचौघांत दाखवण्याजोगा नाही. तिसरा बसवला आणि आवाजच गेला. इंटरनेटवर प्रत्येकाचे भक्त होते आणि त्यांची आपसातली बोलणी वाचून आमची भाऊबंदकी मला सभ्य वाटू लागली. शेवटी एक पसंत पडला. त्याला पारदर्शक खिडक्या, खाली उड्या मारणारी चिन्हं, मागे गंगापूर धरणावर मी स्वतः काढलेला सूर्यास्ताचा फोटो आणि वर नाजूक राखाडी अक्षरं. ती अक्षरं निवडायला एक अख्खी संध्याकाळ गेली. पंच्याहत्तरी उलटलेल्या डोळ्यांना पारदर्शक खिडकी लागते, हे मला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

मग उद्घाटन. आईने मॉनिटरला हळदीकुंकू लावलं, अण्णांना समोर बसवलं आणि मी पेपरची वेबसाइट उघडली. सगळ्या पानावर मराठी अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी. मथळा चौकटींचा, बातमी चौकटींची, फोटोखालची ओळसुद्धा चौकटींची. या लिनक्सवर मराठी फॉन्ट वेगळा टाकावा लागत होता. मी उड्या मारणारी चिन्हं आठवणीने टाकली होती, मराठी तेवढी राहून गेली होती. मी काही बोलणार तेवढ्यात अण्णा पुढे वाकले, पानावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "छान दिसतंय. लय छान हाय."

कारखान्यात अण्णांचे दोनच शब्द होते, पास आणि परत. घरीसुद्धा भाजीला, नव्या सोफ्याला, माझ्या मार्कांना हेच दोन. 'छान' मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, तेही ज्यावर वाचता येईल असं एक अक्षर नव्हतं त्या पानासाठी. मी दोन आठवडे खपलो म्हणून त्यांनी माझा माल न तपासता सोडला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, तर तिला ठाऊकच होतं. "अरे, तुझं ते रंगीबेरंगी त्यांना काहीच दिसत नाही. पहिल्या दिवशीचं काळ्यावरचं पांढरं तेवढं दिसलं होतं. 'आज मी स्वतः वाचलं' म्हणून शेजारी जाऊन सांगून आले."

"मग मला का नाही सांगितलं?"

"म्हणाले, पोरगा हौसेनं करतोय, करू दे."

त्याच दुपारी मी सगळं काढायला बसलो. धरण गेलं, सूर्यास्त गेला, पारदर्शक खिडक्या गेल्या. चारचौघांत न दाखवण्याजोगा तो साधा डेस्कटॉप बसवला. मराठी फॉन्ट टाकला, असेल त्यातला सगळ्यात जाड. मागे काळं, वर पांढरी अक्षरं, एका वेळी जेमतेम पाच ओळी मावतील एवढी मोठी. इतकी विद्वत्ता खर्चून मी पहिल्या रविवारीच परत पोचलो होतो, फक्त आता मराठीत.

अण्णा बसले. पहिली ओळ अडखळत वाचली, दुसरी जरा वेगात. कळवणकडे बिबट्या दिसल्याची बातमी होती. ती संपल्यावर त्यांनी आईला मोठ्याने पुन्हा वाचून दाखवली.

मग त्यांनी विचारलं, "मागचे पेपर निघतात का यात?"

"निघतात की. वर्षभराचे."

"मग निधनाच्या बातम्या काढ. दिवाळीपासूनच्या. वाचताना ते पान तू न वाचता उलटायचास. आवाज यायचा मला."

दिवाळीपासून त्यांच्या खात्यातले दोघं गेले होते आणि ते त्यांना कळू नये म्हणून मी ते पानच गाळत आलो होतो. मी दिवाळीनंतरचा पहिला अंक उघडला. अण्णांनी खुर्ची पुढे ओढली, "बरं, तू जा आता," म्हणाले आणि वाचू लागले.