माह्यावरच संशय

ये इकडे, जवळ बस. लेकीले मी दूर टाकून दिलं, असं तूही गावात बोलून राह्यली म्हणे. काऊन वो, मले विचारता येत नव्हतं?

संशय मलेही होता, पण लेकीले जिथं ठेवलं त्या जागेवर. पोरगी चोवीस वर्षांची, पण समज लहान लेकराची. कोणीही ‘चल’ म्हटलं की त्याच्यामागं निघायची. आठवडी बाजारातून दोनदा शोधून आणली. अशा पोरीले आरमोरीच्या प्रशिक्षण केंद्रात ठेवलं, तिथं अशा लेकरायले हातची कामं शिकवतात. तिथली मॅडम लय गोड बोलायची, म्हणूनच मले तिचा भरवसा वाटेना. पोरीकडून फुकट पत्रावळ्या करून घेत असेल, असंच मनात यायचं. शेवटी मीच न सांगता तिथं गेली, तिचे कपडे बांधून तिले घरी आणायच्या तयारीनं.

दुपारची वेळ, दार आतून बंद. मी कडी वाजवली.

“कोण आहे?” पोरीचाच आवाज.

“मी, तुही माय.”

“आवाज तर तसाच आहे. खिडकीपाशी ये, तोंड दाखव.”

दाखवलं. तिनं नीट पाहिलं आणि विचारलं, “मले न्यायले आली?”

“हो.”

“मग थांब. मॅडमले सांगतल्याशिवाय मी कोणासंग जात नाई.”

उन्हात उभी राह्यली मी, रागानं लाल. मग हसूच आलं. कोणाच्याही मागं जाणारी माही पोरगी आज सख्ख्या मायलेही पारखून घेत होती!

कपडे तिथंच राह्यले, पोरगीही. त्या मॅडमवर माही नजर अजून आहे, ते सोड. पण पोरगी सोमवारी सुट्टीवर येऊन राह्यली. तूही लवकर ये, तिच्या हातचा भात खाऊन जाय.