सोळाशे मीटर आणि मुसळीची पावडर

पोलीस भरतीत सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत संपवलं की पूर्ण गुण मिळतात. मला पाच पस्तीस लागायचे, आणि वय संपत आल्यामुळं ही माझी शेवटची भरती होती.

आमचं घर फुलंब्रीजवळ. रोज सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, मोटारसायकलवर रस्त्यापर्यंत यायचे. मी आठशे मीटरवरच्या बाभळीपर्यंत पळत जाऊन परत यायचो आणि ते गाडीवर बसून मोबाईलवर वेळ घ्यायचे.

दोन महिने आकडा हलेना, तेव्हा छावणीच्या बाजारातल्या जडीबुटीच्या दुकानातून डबा आणला. अश्वगंधा, गोखरू, सफेद मुसळी, डब्यावर उधळलेल्या घोड्याचं चित्र. दुकानदार हळू आवाजात म्हणाला, मर्दानी ताकद वाढेल, दम टिकेल, एकवीस दिवसांत फरक कळेल. मला फक्त दम हवा होता, पण बाकीचंही मिळत असेल तर मी कशाला नाही म्हणू? रोज एक चमचा कोमट दुधातून घ्यायचो. चव मातकट होती.

एकवीस दिवसही लागले नाहीत. दहाव्या दिवशी आबांनी पाच सव्वीस सांगितलं, मग पाच सतरा, मग पाच नऊ. मी हवेत होतो. सोबतच्या दोघांना तोच डबा घ्यायला लावला. शेवटचा आठवडा टेकडीवरचा सरावही सोडला, पाय राखून ठेवायचे म्हणून.

भरतीच्या मैदानावर पायाला वेळ मोजणारी चिप बांधतात. तिनं पाच एकतीस दाखवलं.

परतताना मी आणि आबा हर्सूलला चहाला थांबलो. मी दुकानदाराला शिव्या घालत होतो, शेवटचा माल भेसळीचा दिला म्हणून. आबांनी चहा तसाच ठेवला होता.

"त्याला नको बोलू," ते म्हणाले. "तू पोचायच्या आधीच मी मोबाईलचं बटन दाबायचो. लई खचला होतास तू. म्हणलं, आकडा कमी दिसला तर अंगात जीव येईल."

मला राग आला, पण तो मी दाखवला नाही. पावडरीनं फसवलं याचं फारसं वाटलं नाही. ती फसवणूक मी स्वतःच बाजारात शोधत गेलो होतो. पण रोज सकाळी मी जीव तोडून पळत येताना, हा वेळेत पोहोचणार नाही हे आबांना समोर दिसत होतं, आणि तरी ते गाडीवर बसून मला शाबास म्हणत होते.