भिंतीवरची खिडकी

माझ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या मशीनवर काम करतात. बाई करारी. नवऱ्याच्या पोटातलं त्याच्या ओठावर यायच्या आधी आपल्याला कळतं, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या आणि आम्हीही मान डोलवायचो. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, छापखान्यात होते. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात ही दोघंच.

त्यांच्या स्वयंपाकघरासमोर दुसरी इमारत आहे, अगदी अंगावर आल्यासारखी. गाड्या कुठे लावायच्या यावरून दोन्ही इमारतींचं असं फाटलं होतं, की गल्लीत समोरासमोर आले तरी लोक मोबाइलमध्ये मान घालायचे.

गल्लीच्या टोकाच्या शाळेत नव्या चित्रकलेच्या बाई आल्या आणि त्यांनी कुंपणाची लांबलचक भिंत मुलांना रंगवायला दिली. अट एकच. आपल्या खिडकीतून जे दिसतं तेच काढायचं, मनातलं नाही. मदतीला आईबाप बोलावले. शिडी एका इमारतीची, बादल्या दुसरीच्या. मग काय, झक मारत बोलावं लागलं. दर रविवारी काम चाले. आधी कुरकुर, मग थट्टा आणि शेवटी एकमेकांच्या घरचा चहा.

भिंत पुरी झाली त्या रविवारी वन्सं मला घेऊन बघायला गेल्या. भाऊजी म्हणाले, डोकं दुखतंय, तुम्ही जा. तिथे हसून हसून पुरेवाट झाली. चौथ्या मजल्यावरचे वकीलसाहेब बनियनवर दात घासताना सापडले होते. टॅक्सीवाल्याची बायको मांजराला रागे भरत होती. वकीलसाहेब स्वतःच सगळ्यांना बोलावून आपलं चित्र दाखवत होते.

हसता हसता वन्सं एकदम थांबल्या. समोर त्यांच्याच स्वयंपाकघराची खिडकी होती. हिरवा पडदा, चिकटपट्टी लावलेली काच, सगळं हुबेहूब. आत भाऊजी बसलेले. एक हात गालाला, दुसरा वर केलेला.

"सुट्टीचा दिवस असेल," वन्सं म्हणाल्या.

चित्र काढणारी मुलगी बाजूलाच उभी होती. आठेक वर्षांची, कोपरापर्यंत रंग. तिने मान हलवली. "नाही. मी शाळेतून आले की काका असतात. मी हात करते, मग तेही करतात."

"रोज?"

"रोज. रविवारी नसतात. रविवारी तिथे तुम्ही असता."

मागच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. भाऊजी तर रोज सकाळी डबा घेऊन त्यांच्याआधी घराबाहेर पडायचे.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी चकार शब्द काढला नाही. विचारलं तर खोटं सांगतील, असं त्यांच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लाँड्रीतून मला फोन केला, सोबत चल, आत्ताच घरी जायचंय. वाटेत त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं ते मी इथे लिहीत नाही. दुसरी बाईसुद्धा येऊन गेली, एवढं पुरे.

दार किल्लीने उघडलं. आत दुसरं कुणी नव्हतं. भाऊजी खिडकीशी बसले होते, बाहेरच्या कपड्यांत, बूटसुद्धा पायात. डबा मांडीवर, न उघडलेला. आम्हाला बघून उठले आणि पुन्हा बसले.

छापखाना थंडीच्या अखेरीलाच बंद पडला होता. तेव्हापासून ते सकाळी निघायचे, काम शोधत फिरायचे, वन्सं कामावर गेल्या की परत यायचे आणि संध्याकाळ व्हायच्या आत पुन्हा बाहेर पडायचे. पगार म्हणून शिलकीतले पैसे काढून देत होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"रोज ठरवायचो. तू डबा हातात ठेवायचीस आणि तोंडच उघडायचं नाही."

वन्सं होत्या तिथेच फरशीवर बसल्या. "समोरच्या पोरीला कळलं," त्या म्हणाल्या, "आणि मला कळलं नाही."

तेवढ्यात बेल वाजली. दारात त्या मुलीची आई, दुकानातून मधेच सुट्टी घेऊन आलेली. या जिन्यावर तिचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. पोरीमुळे चारचौघांत तुमची शोभा झाली, म्हणाली. चित्रकलेच्या बाई खिडकीवर रंग फिरवायला तयार होत्या. मग ती घुटमळली. नवरा बाहेरगावी, आपण संध्याकाळपर्यंत दुकानात. पोर गळ्यात किल्ली घालून एकटी घरी येते. "समोर काका आहेत हे मला माहीत होतं, ताई. त्या भरवशावर तर मी निर्धास्त असायचे."

वन्संना आदल्या दिवसापासून धक्क्यांवर धक्के बसत होते, पण हा सगळ्यांत मोठा. आपला नवरा घरात लपून बसला होता आणि त्याच वेळी कुणाच्या तरी लेकराची राखणही करत होता.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "असू दे तसंच."

पुढे टॅक्सीवाल्याच्या मेहुण्याने भाऊजींना खोके छापायच्या कारखान्यात लावून दिलं. भाऊजी जायला लागले, तशी मुलगी दुपारी वकीलसाहेबांकडे बसायला लागली; त्यांची बायको तिचा अभ्यास घेते.

वन्संनी भाऊजींना माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. कित्येक दिवस त्या जेवताना त्यांच्याकडे नवख्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. मग एका संध्याकाळी सरळ कारखान्यावर जाऊन पोचल्या, भाऊजींचं मशीन कुठलं ते विचारलं आणि मशीन थांबेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.