मिसरी सोडल्याचा गुन्हा

माणूस दारू सोडतो तेव्हा गाव त्याचं कौतुक करतं. मी मिसरी सोडली तेव्हा मला जी वागणूक मिळाली ती मी विसरलेले नाही, आणि विसरायचा विचारही नाही. बरं, ती वागणूक कुणा परक्यानं दिली असती तर एक वेळ सोसली असती. जिच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले होते त्या मैत्रिणीनं दिली.

ज्यांना मिसरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांना घासत बसायचं. म्हणायला दात घासणं, खरं तर निव्वळ नशा. सत्तरचं दशक सरत आलं होतं त्या सुमाराला आमच्या माल्याच्या वाडीत मिसरी न लावणारी बाई दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती. उठल्यावर एकदा, भाकरी झाल्यावर एकदा, दुपारी, पुन्हा संध्याकाळी. भाजायची पाळीसुद्धा ठरलेली. या आठवड्याला माझी चूल, पुढच्या आठवड्याला तिची. तव्यावरून ठसका उठला की पुरुष खोकत बाहेर पळायचे आणि आम्ही बायका डब्या घेऊन आत जमायचो. अख्ख्या दिवसात तेवढी घटकाच काय ती आमची असायची.

मी आणि ही मैत्रीण एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन वाडीत आलो. घरं लागून, मधे तिच्या गोठ्याची भिंत. भातलावणीला आमच्या दोन घरांची सावड होती, म्हणजे आज आम्ही तिच्या खाचरात राबायचं आणि उद्या त्यांनी आमच्या. माझं पहिलं मूल तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरं सातव्या महिन्यात, मेलेलंच जन्मलं. तिचीही दोन गेली, एक जन्मताच, एक आठ दिवसांनी. घरचे म्हणायचे, नशीब. मग आम्ही रडायचं कुणापाशी? माझं दुसरं गेलं तेव्हा ती आली, काही बोलली नाही, डबी उघडून माझ्या बोटाला मिसरी लावली आणि म्हणाली, "लाव. जरा गुंगी आली का बरं वाटंल." आणि वाटलंही, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा नवरा मला पौडच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या नर्सबाईनं तोंड उघडायला लावलं, दात बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या. मिसरीनं पोटातलं मूल वाढत नाही, म्हणाली. हे मूल हवं असेल तर आजपासून बंद. हवं असेल तर, हे काय विचारणं झालं? येताना एस्टीत बसल्या बसल्या मी डबी खिडकीबाहेर फेकून दिली.

पहिले पंधरा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. डोकं ठणकायचं, चूल पेटवताना हात थरथरायचे, उगाच रडू यायचं. पण हट्टानं राहिले. सकाळी भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा खायचा, जेवणात नाचणीची भाकरी आणि शेवग्याचा पाला, घरच्या कोंबडीचं एक अंडं, नर्सबाईनं दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या. दुपारी तासभर डाव्या कुशीवर आडवं व्हायचं. दात घासायला गोवरीच्या काळ्या राखेत मीठ घालून राखुंडी केली. नवऱ्यानं एका शब्दानं टोकलं नाही, उलट कोंबड्यांवर मुंगसाची नजर पडू नये म्हणून खुराडं नवं केलं. आता हे ऐकून सगळ्यात आधी कुणाला आनंद व्हायला हवा होता? तिलाच ना?

ती म्हणाली, "त्या नर्सबाईला पोरं किती हायेत?"

"मला काय ठावं?"

"मंग आधी इचारून यायचं व्हतंस. पोर मोठं झालं म्हंजी अडशील. बारकं असंल तर पटकन सुटशील. एवढं कळंना व्हय तुला?"

आमच्याकडं सगळ्या बायका हेच मानायच्या. पोटात लहान मूल म्हणजे सोपं बाळंतपण. मीही मानतच होते की. त्या लहान मुलांचं पुढं काय होतं ते आम्ही दोघींनी दोन-दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी मानत होतो. मी तिला समजावायला गेले. तर ती म्हणाली, त्या गोळ्यांनी पोर काळं होतं. मी गप्प बसले.

गप्प बसण्यानं काही भागलं नाही. चार बायका जमल्या की ही मोठ्यानं विचारायची, "काय गं, घोडीनं आज चंदी खाल्ली का?" हरभरे खायचे मी आणि पोट दुखायचं हिचं. दुपारी आडवी झाले की भिंतीपलीकडून ऐकू येईल अशा बेतानं म्हणायची, "राणीसरकार झोपल्यात, भांडी हळू घासा." मी हसण्यावारी नेलं. मग मीही चंदीचा विनोद स्वतःच करून पाहिला, तिनं तोंड फिरवलं. मग मिसरीच्या वेळेला जाणंच बंद केलं, तर म्हणे हिला आमचा वास येतो. तिला मी सोड म्हटलं होतं का? कधी एका शब्दानं तरी? माझं तोंड, माझं पोट, माझं मूल. त्यात हिचं काय जात होतं?

हे मी तिला एकदा विचारलंच. ती म्हणाली, "तू न बोलता आमचे दात बघत बसतीस. त्ये लागतं." मला तेव्हा ते निव्वळ कांगावा वाटलं.

आषाढात लावणी आली. मला सहावा महिना. पहिल्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको सावडीला तिच्या खाचराच्या बांधावर जाऊन उभे राहिलो, हातात रोपांच्या जुड्या. ती चिखलात उभी होती, लुगडं खोचलेलं. सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्यात येऊ नका. ज्येला आमची मिसरी चालत न्हाई त्येला आमचा चिखल कसा चालंल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सावड मोडायची म्हणजे काय साधी गोष्ट आहे? भांडणं झाली, कोर्टात गेली, तरी आमच्याकडं सावड मोडत नाहीत. पाऊस कुणासाठी थांबत नाही, हे त्यामागचं शहाणपण. तिनं मोडली, मी पोटुशी आहे हे डोळ्यांनी दिसत असताना मोडली, आणि तिचा नवरा खाली मान घालून उभा राहिला. मग आमची तीन खाचरं आम्ही दोघांनीच लावली. मी वाकायचे, कंबर धरून उठायचे, पोटात काही हलतंय का ते बघायचे, पुन्हा वाकायचे.

लावणी संपली आणि ती आपणहून आली. उंबऱ्यावर बसली, इकडचं तिकडचं बोलली, माझ्या मोरीत हातपाय धुतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी बावळट, हुरळून गेले. म्हटलं आली ताळ्यावर, आपलं माणूस ते आपलंच. चार दिवस ती येत राहिली आणि मला चहाशिवाय तिला सोडवेना.

पाचव्या दिवशी ती आणखी दोघी-तिघींना घेऊन आली आणि दारातच हसत सुटली. म्हणाली, "चार दिस मिसरी लावतीयास, काय झालं? मेलीस का?"

मला आधी कळलंच नाही. मग मोरीच्या कट्ट्यावरची राखुंडीची डबी आठवली. काळ्यात काळं मिसळलेलं कुणाला दिसणार? हिनं हातपाय धुता धुता माझ्या राखुंडीत मिसरी कालवली होती.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. मला कळलं नव्हतं असं नाही. पहिल्याच सकाळी जिभेला तो तिखटपणा लागला होता. अंगात ओळखीची गरगर आली होती. मी मनाला सांगितलं, मीठ जास्त पडलं असेल. आणि तिसऱ्या दिवशी दिवस उजाडायची वाट बघत पडून होते. पोटातल्या जीवासाठी चार महिने जिवाचं रान केलं आणि चार सकाळी मी स्वतःशीच खोटं बोलले. तिनं मला तेवढं खाली आणलं, याचा राग मला सगळ्यात जास्त आला.

मी डबी तिच्या पायाशी उपडी केली आणि म्हटलं, "पुन्हा या दारात पाय टाकायचा न्हाई." ती गेली.

पुढचे तीन महिने मी झोपले नाही म्हटलं तरी चालेल. घटकाभर पोटात हालचाल झाली नाही की वाटायचं, झालं, त्या चार दिवसांनी घात केला. पोटाला हात लावून बसायचे आणि तिला शिव्या मोजायचे. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

भात पिवळं पडायला लागलं तेव्हा पौडला मुलगी झाली. अडले नाही. नर्सबाईनं तिला काट्यावर ठेवलं, पावणेतीन किलो भरली. ती रडली ते एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या खाटेवरची बाई दचकली. मी मात्र काट्याकडंच बघत राहिले.

बाराव्या दिवशी बारसं. तिला बोलावणं नव्हतं. बायका पडवीत घुगऱ्या खात होत्या आणि मी आतल्या खोलीत मुलीला घेऊन बसले होते. ती आत आली, न विचारता खाली बसली आणि माझ्या मांडीवरून मुलीला उचललं. हातांवर तोलत राहिली. एकदा या हातावर, एकदा त्या हातावर.

"लई जड हाय गं," ती म्हणाली. "माझी दोनी अशी न्हवती. उचलली तर हातात काय हाय आसं वाटायचंच न्हाई."



ती मुलीकडंच बघत म्हणाली, "म्हंजी माझी दोन मीच मारली का?"

मघाशी नर्सबाईचं बोलणं मी पुरतं सांगितलं नाही. मीही तिला पौडला हेच विचारलं होतं, माझी आधीची दोन यानंच गेली का? ती म्हणाली होती, "बाई, ते कुणालाच नक्की सांगता येणार नाही. शंभर कारणं असतात. मागचं डोक्यात घेऊन बसू नका, पुढचं बघा." माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली होती. ते ऐकलं म्हणून तर मी उठून घरी आले, नाहीतर तिथंच बसून राहिले असते.

मैत्रिणीनं विचारलं तेव्हा हे सगळं माझ्या ओठांवर होतं. पण त्याच्याआधी चंदी होती, चिखल होता, ती डबी होती. मी म्हटलं, "व्हय. तूच."

तिनं मुलीला हळूच माझ्या मांडीवर ठेवलं, दुपट्याचं टोक नीट केलं आणि उठून गेली. पडवीतल्या बायकांनी हाका मारल्या, ती थांबली नाही.

त्या दिवसापासून तिनं मिसरीला बोट लावलं नाही. तिला गोळ्या नव्हत्या, नर्सबाई नव्हती, खुराडं नवं करणारा नवरा नव्हता. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. भांडी आपटायची, गुरांवर ओरडायची, मग सगळं एकदम गप्प व्हायचं. दोन वर्षांनी तिला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. आता तो भूगावला राहतो आणि रस्त्यात भेटला की मला मावशी म्हणून वाकून नमस्कार करतो. ती माझ्याशी बोलत नाही. त्या बारशानंतर एक अक्षर बोललेली नाही.

वाडीतले लोक म्हणतात, तुझ्यामुळं तिचं घर भरलं, तिनं तुझे पाय धरायला हवेत. मीही कित्येक वर्षं तेच म्हणत होते. पण नर्सबाईचं 'कुणालाच नक्की सांगता येणार नाही' हे वाक्य मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिचं दार माझ्या दारापासून दहा पावलांवर आहे. आधी मी स्वतःला सांगायचे की सांगितलं तर ती पुन्हा मिसरी लावायला लागेल. मग तिचा मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याला मुलं झाली, आणि ते कारण काही उरलं नाही. तरी मी गेले नाही, कारण माझा राग अजून गेलेला नाही.