पट्टीवरच्या दोन खुणा

माझ्या वडिलांना दूरचं सगळं दिसायचं. डांबरी सडकेवर पार लांब कुणाचं जनावर आडवं उभं आहे, हे ते जीप चालवता चालवता सांगायचे. पण हातातल्या वस्तूवरची खूण काही दिसायची नाही. चाळिशी लागली होती आणि चष्म्याचं नाव काढलं की त्यांना राग यायचा. चष्मा लावला म्हणजे गावाच्या लेखी म्हातारा झालो, अशी त्यांची समजूत. एवढा ताठा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

म्हणून रोज सकाळी एक नाटक चालायचं. वडील बॉनेट उघडून इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी ओढायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे, परत आत घालून काढायचे आणि आईपुढे धरायचे. "बघ गं जरा, मला घाई हाय." आई पदर सावरून वाकायची. "दोनी खुणांच्या मधी हाय." कमी असलं तर डब्यातून तीच थोडं ओतायची. गावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

जीप दुधाची होती. युसूफ वडगावच्या पलीकडे आमचं गाव. तिथल्या बायकांचं दूध वडील केजला दूध संघाच्या केंद्रावर पोचवायचे. या बायकांना गावच्या दूध सोसायटीत आणलं होतं ते आईने. आधी त्या खव्याच्या भट्टीवाल्याला दूध घालायच्या. आई दारोदार हिंडली, "माझ्यावर इस्वास ठिवा" म्हणाली, आणि त्यांनी ठेवला. मग दुष्काळ पडला. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं. आपल्या हातून उरलेलं दूध नासलं तर बायका भट्टीवाल्याकडे परत जातील आणि आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, ही धास्ती आईने घेतली. जेवताना आम्ही तीच ऐकायचो.

दुष्काळाने तिला आणखी एक खोड लावली होती. टँकर आला की घागरी, पातेली, तांबे, अगदी वाट्यासुद्धा ती काठोकाठ भरून ठेवायची. अर्धं भांडं दिसलं की तिचा जीव वरखाली व्हायचा.

एका सकाळी ऑइल खालच्या खुणेला टेकलं होतं. वडील मागे कॅन चढवत होते. आईने नवा डबा फोडला आणि पुरता रिकामा केला. "गच्च भरलंय. आता लई दिस बघाया नको," ती समाधानाने म्हणाली. वडिलांनी बॉनेट लावलं. पुन्हा पट्टी काढून त्यांना तरी काय दिसणार होतं?

शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही आईबरोबर जीपमध्ये बसले होते. केजच्या बऱ्याच अलीकडे जीप निळा धूर ओकायला लागली आणि बंद पडली. मिस्त्री सापडून येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. तो वडिलांचा जुना दोस्त. पट्टी काढून त्याने कपाळाला हात लावला.

"कुणी वतलं बे एवढं? ही काय पान्याची टाकी हाय व्हय?"

त्याने खालचा नट सोडून जादा ऑइल काढलं तेव्हा कुठे जीप सुरू झाली. पण आईने कॅनचं झाकण उघडलं आणि आंबूस वास आला. ती झाकण हातात धरून नुसती बसून राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

गावात परतलो तेव्हा सोसायटीच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. कुणीतरी विचारलं, "दूध कावून नासलं?" आई बोलायला उठली. त्याआधी वडील बोलले.

"ऑइल जादा झालं. मी वतलं. मला जवळचं दिसत न्हाई."

 मग एक म्हातारी म्हणाली, "मग चष्मा लावा की! कुणाला दाखवायचंय आता?" बायका हसल्या, वडीलही ओशाळं हसले. आई मान खाली घालून उभी होती. मला वडिलांचा एवढा अभिमान वाटला की रडू आलं. दुसऱ्या सकाळी बायका दूध घेऊन आल्या.

आठवड्याच्या बाजारी वडिलांनी चष्मा आणला, जाड काड्यांचा. घरी येताना तो लावूनच अख्ख्या गावातून चालत आले. आता पट्टी वाचायला त्यांना कुणाची गरज नव्हती.

सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं. पट्टी पुसली, आत घालून काढली. मग चष्मा उतरवून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि पट्टी आईपुढे धरली.

"बघ गं, किती हाय?"

आईने आधी पदराने डोळे पुसले, मग वाकली.

"मधी हाय," ती म्हणाली.